सहा आकडे आणि एक मडकं

आज आधी सहा आकडे सांगतो, ते कुठंतरी लिहून ठेवा. ४, ८, १५, १६, २३, ४२. लिहिले? आकडे म्हटल्यावर कुणी नवऱ्याकडं बघून हसू नका, आणि कुणी लावायलाही जाऊ नका. हे टपरीवरचे आकडे नाहीत. एका अमेरिकन मालिकेतले आहेत, आणि त्यांचा अर्थ लावण्यात देशोदेशीचे प्रेक्षक कित्येक वर्षं गुंतले होते.

मालिकेचं नाव 'लॉस्ट', म्हणजे हरवलेले. २००४ च्या सप्टेंबरात ती अमेरिकेत एबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि २०१० च्या मे महिन्यात संपली. सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेलं विमान एका बेटावर कोसळतं, वाचलेली माणसं तिथं अडकतात आणि बेटावरची एकेक गूढं समोर येत जातात. आमच्या गटाच्या सचिवताईंची लेक पुण्याला शिकते. दिवाळीला घरी आली तेव्हा लॅपटॉप घेऊन आली होती. महिन्याची बैठक संपली, बचत गोळा झाली, चहा व्हायचा होता. तिनं समाजमंदिरातच आम्हाला या मालिकेचा एक भाग लावून दाखवला. इंग्रजी आम्हाला कुठलं झेपतंय? ती थांबवून थांबवून मराठीत सांगत गेली. चाळीस-बेचाळीस मिनिटांचा भाग बघायला दोन तास लागले आणि दोनदा चहा झाला.

त्या भागाचं नावच 'नंबर्स', म्हणजे आकडे. २ मार्च २००५ ला तो अमेरिकेत पहिल्यांदा दाखवला गेला. त्यात हर्ली नावाचा एक जाडजूड, मनानं चांगला तरुण आहे. तो पूर्वी मनोरुग्णालयात असताना तिथला एक रुग्ण सतत हे सहा आकडे पुटपुटत असतो. हर्ली बाहेर येतो, तेच आकडे लॉटरीला लावतो आणि कोट्यवधी डॉलर जिंकतो. इथपर्यंत आमच्या बाया खूश. पण टीव्हीवाले मुलाखत घ्यायला आले असतानाच त्याचे आजोबा छातीत कळ येऊन जातात. त्यांच्या अंत्यविधीला आलेल्या पाद्र्यावर वीज पडते. आईसाठी नवं घर घेतो, तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधून दाखवायला नेतो, तर घराला आग लागलेली, आणि गाडीतून उतरताना आईचा पाय मोडतो. हर्लीच्या मनात बसतं, की आकडेच शापित आहेत.

इथं आमच्या आक्का मोठ्यांदा म्हणाल्या, "बरं झालं बाई, त्याचं लगीन झालेलं न्हाई. न्हाईतर समदं सुनंच्या पायगुणावर गेलं असतं." सगळ्या हसलो, पण नंतर थोडा वेळ कुणी बोललं नाही. आमच्यात दोघीजणी अशा आहेत ज्यांनी 'पांढऱ्या पायाची' हा शब्द ऐकलेला आहे.

पुढं हर्ली त्या आकड्यांचा माग काढत ऑस्ट्रेलियात जातो. मनोरुग्णालयातल्या त्या माणसानं आणि त्याच्या जोडीदारानं हे आकडे नौदलात असताना रेडिओवर ऐकलेले असतात. (रेडिओवर आकडे सांगणं आम्ही आज करतोय तेच, पण आमचा शाप कुणाला लागणार नाही, काळजी नको.) तो जोडीदार आता हयात नाही, त्याची विधवा भेटते. ती सांगते, की त्यानं हे आकडे वापरून एका जत्रेत बरणीतल्या बियांचा अचूक अंदाज केला आणि मोठी रक्कम जिंकली. घरी येताना समोरून गाडी आदळली. त्याला खरचटलंसुद्धा नाही, पण हिचा एक पाय गेला. त्या दिवसापासून त्यानं आकड्यांचा धसका घेतला, माणसांपासून लांब उजाड जागी घर केलं आणि शेवटी स्वतःचा जीव घेतला. हर्ली म्हणतो, म्हणजे आकडे शापितच आहेत ना? आणि ती लाकडी पाय लावलेली बाई त्याला झापते. गाडीचं टायर फुटलं म्हणून अपघात झाला, आपलं नशीब आपण करतो, आकड्यांना दोष देऊ नकोस, असं तिचं म्हणणं.

आम्हाला ही बाई फार आवडली. पाय तिचा गेलाय आणि शहाणपणाचं तीच बोलतेय.

हर्लीचं मात्र समाधान होत नाही. बेटावर एकटी राहणारी एक फ्रेंच बाई त्याला भेटते. तिच्याही कागदांवर तेच आकडे असतात. तो तिला आपली सगळी कहाणी सांगतो, आणि ती म्हणते, हो, असेलही तुझं खरं, शापित असतील. यावर तो काय करतो? घाबरत नाही. आनंदानं तिला मिठी मारतो. कुणीतरी एकदाचं मानलं! हा प्रसंग नीट लक्षात ठेवा मैत्रिणींनो, तो पुढं लागणार आहे.

भाग संपताना जमिनीत गाडलेल्या एका लोखंडी झाकणावर तेच सहा आकडे कोरलेले दिसतात आणि आमच्या लॅपटॉपची बॅटरी जाते.

आता प्रेक्षकांचं सांगतो. हा भाग लागल्यापासून त्यांना जिथं तिथं हेच आकडे दिसायला लागले. कोसळलेल्या विमानाचा क्रमांक ८१५, म्हणजे ८ आणि १५. ती फ्रेंच बाई बेटावर १६ वर्षं अडकलेली. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या जोड्या २३. डग्लस अॅडम्स यांच्या एका गाजलेल्या विनोदी इंग्रजी कादंबरीत साऱ्या विश्वाच्या प्रश्नाचं उत्तर ४२ असं दिलंय. कुणी शोधून काढलं, की न्यूयॉर्कच्या यांकीज या बेसबॉल संघानं थोर खेळाडूंच्या मानासाठी जे क्रमांक कायमचे बाजूला ठेवलेत, त्यांत हे सहाच्या सहा आहेत. आपल्याकडं सचिनचा १० नंबर आता कुणाला देत नाहीत, तसं. आणि मालिकेचा शेवटचा भाग लागला २०१० च्या मे महिन्यात, तारीख कुठली? २३.

सहा आकड्यांची बेरीज करून बघा. सचिवताईंच्या लेकीनं आम्हालाही करायला लावली. गटाचा कॅल्क्युलेटर होताच. १०८ आली आणि समाजमंदिरात एकदम शांतता. जपमाळेचे मणी १०८. मालिकेतही पुढं एक यंत्र येतं, त्यात दर १०८ मिनिटांनी हे सहा आकडे भरावे लागतात, आणि ते यंत्र ज्या संस्थेनं बसवलं तिचं नाव धर्मा. अमेरिकेतल्या प्रेक्षकांनीही १०८ चा धागा थेट हिंदू आणि बौद्ध जपमाळेपर्यंत नेला होता. काकूंनी हात जोडले. तेवढ्यात आमची सगळ्यात धाकटी सभासद म्हणाली, "अहो काकू, १०८ म्हणजे अॅम्ब्युलन्स." मग कोण थांबतंय!

चार म्हणजे चारधाम. आठ म्हणजे अष्टविनायक. पंधरा म्हणजे पंधरवडा. सोळा तर सोपं, सोळा सोमवार. बेचाळीसला आमच्या आक्का ताठ बसल्या. आमचा भाग सातारा-सांगलीकडचा, इथं बेचाळीस म्हटलं की चले जाव आणि नाना पाटलांचं प्रतिसरकार, दुसरं काही नाही. तेवीसला गाडी अडली. मग अंगणवाडी ताई म्हणाल्या, २३ मार्च, भगतसिंगांचा हुतात्मा दिन. झालं! सहाच्या सहा जुळले. परक्या देशातल्या लेखकांनी लिहिलेले आकडे आमच्या समाजमंदिरात येऊन आमचेच झाले.

आम्हाला, खरं सांगायचं तर, इथंच जरा खटकलं. बी.ए.ला आम्ही काही गणित घेतलेलं नव्हतं, पण इतकी वर्षं गटाचे हिशेब लिहितोय. ज्या वहीत सगळंच जुळतं, ती वही पुन्हा तपासायची असते.

संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला आम्ही तंबोला खेळतो, त्याची पिशवी कपाटात होती. म्हटलं, आता सहा सोंगट्या काढा, न बघता. निघाल्या ५, १२, २८, ३३, ६१, ७२. आता सांगा यांचा अर्थ.

दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पाच पांडव. बारा ज्योतिर्लिंगं. अठ्ठावीस युगं विठोबा विटेवर उभा. तेहेतीस कोटी देव, तर धाकटी म्हणाली, तेहेतीस टक्के आरक्षण, आता पन्नास झालं ते सोडा. एकसष्टला एकसष्टी. आणि बहात्तरला कुणाला विचार करावाच लागला नाही. बहात्तरचा दुष्काळ, आक्का त्यात खडी फोडायला गेलेल्या. बेरीज आली २११. काकू म्हणाल्या, दोन माळांचे मणी २१६, पाचच कमी पडतात. आणि पाच तर तुझ्या सोंगटीतच आहे, तो अजून एकदा धर!

पिशवीतल्या सोंगट्यांना कुणी शाप दिला नव्हता की कुणी गोष्टीत लिहिलं नव्हतं, तरी त्यांच्यातून एवढा अर्थ निघाला. तो सोंगट्यांत नव्हता, आमच्या डोक्यात होता. सणवार, दुष्काळ, देवधर्म, शाळेतला इतिहास, सगळं तिथं भरलेलंच आहे. आकडा नुसता खुंटी. आणि एक गोष्ट आम्ही केली ती आमच्याही लक्षात आली नव्हती. जे जुळलं ते मोठ्यांदा सांगितलं. पंधरा म्हणजे पंधरवडा हे ओढूनताणून होतं, ते कुणी मोजलं नाही. पाच मणी कमी पडले, तेही कुणी मोजलं नाही.

पुढं त्या लेकीनं एक खरी घडलेली गोष्ट सांगितली. मालिका संपल्यावर काही महिन्यांनी, ४ जानेवारी २०११ ला, अमेरिकेतल्या मेगा मिलियन्स या खऱ्या लॉटरीची सोडत निघाली. आकडे आले ४, ८, १५, २५, ४७ आणि शेवटचा वेगळा काढतात तो ४२. मालिकेतल्या सहांपैकी चार! 'लॉस्ट'चे आकडे लावणारे प्रेक्षक हजारो निघाले. प्रत्येकाला मिळाले साधारण १५० डॉलर. मोठं बक्षीस दोघांनी वाटून घेतलं आणि त्यांचे आकडे वेगळे होते. या गोष्टीची अजून आठवण काढतात. पण त्याआधी आणि त्यानंतर त्याच आकड्यांवर किती सोडती कोरड्या गेल्या, त्यांची आठवण कोण काढणार?

आम्ही हे बोलत असताना आमच्यातली एक जण उठून गेली. वाटलं, गुरांची वेळ झाली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घरी आली. तिचं नाव सांगत नाही, पण रेडिओवर सांगायची परवानगी तिनं दिली आहे, उलट सांगाच म्हणाली. तिनं गटातून शेळीसाठी ५,००० रुपयांचं अंतर्गत कर्ज घेतलं होतं. शेळी आलीच नाही. पैसे मटक्याला गेले. नवऱ्यानं नाही, तिनं लावले. स्वप्नात काय दिसलं त्यावरून आकडा काढायचा. साप दिसला तर हा, पाणी दिसलं तर तो, मेलेलं माणूस बोललं तर आणखी तिसरा. गल्लीत अर्थ सांगणाऱ्या बाया होत्या. आणि लपवायचं कशाला, त्यांत आमच्या गटातल्याही होत्या. आम्ही स्वतः एकदा पाणवठ्यावर हसत हसत तिला विचारलं होतं, काय गं, काल काय दिसलं? हर्लीला मिठी मारायला ती एकच फ्रेंच बाई मिळाली. हिला आम्ही दहाजणी होतो.

तिच्याजवळ एक छोटी वही होती. त्यात एकच नोंद: जेठातल्या एका रात्री दोन साप दिसले, त्यावरून जोडी लावली, २० रुपयांचे १,८०० आले. मुलाचे बूट आणि मिक्सर त्यातून आला, ते सगळ्या गल्लीला माहीत. बाकीचं? ती म्हणाली, "तसा अंदाज बरोबरच असायचा ताई. ४७ लावला तर ७४ आला. उलटा आला. म्हणजे स्वप्न खरं होतं, मला वाचता आलं न्हाई."

पैसे फोनवरून जायचे. म्हणून आम्ही तिच्या फोनमधला हिशेब उघडला. आपण विसरतो, फोन विसरत नाही. बक्षीस लागेपर्यंत २० रुपये ३१ वेळा. लागल्यावर हात मोकळा झाला, ५० रुपये ९४ वेळा. ओळीनं वाचायलाच अर्धा तास गेला. ती चहाचा कप धरून बसली होती, प्यायली नाही. एकूण गेले ५,३२०. आले १,८००. खड्डा ३,५२० चा.

मग आम्ही फळ्यावर मांडतो तसं जमिनीवर खडूनं मांडलं. जोड्या शंभर, शून्य-शून्यपासून नव्याण्णवपर्यंत. लागली तर आमच्या भागात दहाला नऊशे देतात. समजा, एखाद्यानं शंभरच्या शंभर जोड्यांवर दहा-दहा लावले. स्वप्नाची गरजच नाही, एक लागणारच. गेले हजार, आले नऊशे. सगळं बरोबर ओळखूनसुद्धा शंभर तोटा. हे बघून ती पहिल्यांदा बोलली, "म्हणजे त्याला स्वप्नं पडायची गरजच न्हाई." त्याला म्हणजे आकडा घेणाऱ्याला.

मटका शब्द कुठून आला, हेही त्या दिवशी तिला सांगितलं. मुंबईत आधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात काय भाव उघडला आणि काय बंद झाला, यावर पैजा लागायच्या. ते भाव येणं थांबल्यावर १९६० च्या दशकात चिठ्ठ्या टाकून मडक्यातून काढायला लागले. मडकं, म्हणून मटका. तो बेकायदा आहे, जुगाराचा कायदा आपल्याकडं १८८७ पासून आहे, हे सगळ्यांना माहीत असतं आणि टपरी तशीच चालते.

पुढच्या बैठकीत विषय आला तेव्हा दोन तट पडले. काहीजणी म्हणाल्या, गटातून काढा, बाकीच्यांना जरब बसेल. आम्हाला ते पटलं नाही. शेळी आली का, हे बघायला आमच्यातली एकही तिच्या दारात गेली नव्हती. पंचसूत्री तोंडपाठ, बैठकीच्या सुरुवातीला म्हणतो, आणि कर्जाचा विनियोग बघायचं राहून जातं. चूक एकटीची नव्हती. कर्ज माफ करायचं नाही, यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं, तिचंसुद्धा. महिन्याला २५० मुद्दल, वीस हप्ते, वर व्याज नेहमीप्रमाणं शेकडा एक.

पण स्वप्नं काही ठरावानं थांबत नाहीत. ती म्हणाली, पडतात ती पडतातच, आणि आकडा डोक्यात घुमत राहतो. मग मडक्याची युक्ती तिनंच काढली. तिच्या घरातलं एक रिकामं मडकं, त्यात शंभर चिठ्ठ्या. सकाळी उठल्यावर स्वप्नातला आकडा वहीत लिहायचा, आधी लिहायचा, हे महत्त्वाचं. संध्याकाळी अंगणवाडीतला एखादा पोरगा चिठ्ठी काढतो, ती शेजारच्या रकान्यात. पैसा नाही, टपरी नाही. आम्ही एवढंच सांगितलं, की चुकलेलीही ओळ लिहायची, खाडाखोड करायची नाही, आणि उलटा आला तर 'चूक' असंच लिहायचं. पहिल्या आठवड्यात 'उलटा' असा तिसरा रकाना हवा म्हणून ती भांडली. तो दिला नाही.

परवाच्या बैठकीत तिनं वही आणली. ५७ ओळी झाल्यात. जुळला एकदाही नाही. एकदा उलटा आलाय, दोनदा एकानं हुकलाय, असं तिनं तोंडी सांगितलं, वहीत तिन्ही ठिकाणी 'चूक' आहे. काकूंनी विचारलं, आता बंद करायचं का? ती म्हणाली, शंभर होऊ देत.

'लॉस्ट'मध्ये त्या आकड्यांचं शेवटी काय झालं, ते सांगायचं राहिलं. शेवटच्या वर्षी एका गुहेत भिंतीवर नावं लिहिलेली दिसतात आणि एकेका नावापुढं एकेक आकडा. बेटाची राखण कोण करणार, त्यासाठी निवडलेली माणसं. हर्लीपुढं ८. पण तेच आकडे लॉटरीत का लागले, आजोबा का गेले, याचा उलगडा त्यातून होत नाही, आणि पुष्कळ प्रेक्षक त्यावर रागावले. सचिवताईंची लेकही अजून रागावलेली आहे. आम्ही तिला म्हटलं, लाकडी पायाच्या बाईनं तुला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं की. तर म्हणाली, तिचं कोण ऐकतंय!

कर्जाचे तीन हप्ते आलेत, सतरा राहिलेत. शेळी बघायला पुढच्या बाजाराला आम्ही तिच्याबरोबर जाणार आहोत. स्टुडिओतल्या ताई काचेमागून हात करताहेत, वेळ झालेली दिसते. नमस्कार.